जॉबच्या अर्जात 'तुमचा वंश कोणता?' असं का विचारतात? समजून घ्या अमेरिकेचा ईईओ-१ रिपोर्ट



मागच्या महिन्यात सकाळी चहा घेत होते, तेवढ्यात फोन वाजला. मावसभावाने अमेरिकेतून स्क्रीनशॉट पाठवला होता. तो तिकडे एमएस करतोय, आणि तिकडच्या रात्री उशिरापर्यंत मोबाईलवरूनच इंटर्नशिपचे अर्ज भरत बसतो. खाली मेसेज होता:

"ताई, हे बघ. मी हिस्पॅनिक आहे का असं विचारतायत. मग वंश, मग सैन्यात होतास का, मग अपंगत्व आहे का. हे नाही भरलं तर अर्ज रिजेक्ट होईल का? आणि भरलं तर हे लोक त्याचं करतात काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्यापैकी बरेच जण अशा स्क्रीनवर आले की घाईघाईत शेवटचा पर्याय दाबून पुढे जातात, तोच 'मला उत्तर द्यायचं नाही'वाला. मीही तेच करायचे. पण पुढे माझी पहिली नोकरी न्यू जर्सीतल्या एका कंपनीच्या एचआर सिस्टिमच्या टीममध्ये लागली, आणि हा डेटा सरकारकडे पाठवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. तेव्हा कळलं की शेवटचा पर्याय दाबल्यावर पडद्यामागे काय होतं. त्यात मी एक चूकही केली. तीही सांगते, पण आधी मूळ गोष्ट.

ईईओ-१ म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत खाजगी कंपनीत १०० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील, तर त्या कंपनीला दरवर्षी केंद्र सरकारला एक तक्ता भरून द्यावा लागतो. कोणत्या कामावर किती पुरुष, किती स्त्रिया आणि ते कोणकोणत्या वंशाचे, एवढंच त्यात असतं. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांसाठी ही मर्यादा ५० कर्मचाऱ्यांवर आणलेली होती. या तक्त्याचं नाव ईईओ-१. तो जातो 'इक्वल एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटी कमिशन'कडे, म्हणजे समान रोजगार संधी आयोगाकडे.

यामागे मोठा इतिहास आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ जोरात होती. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनला जो प्रचंड मोर्चा निघाला, त्याच्या नावातच 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्य' होतं. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला. वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश पाहून नोकरीत भेदभाव करायचा नाही, असं त्याचा सातवा भाग सांगतो. बरोबर एका वर्षाने, २ जुलै १९६५ रोजी, हा आयोग कामाला लागला आणि १९६६ पासून कंपन्यांकडून हे तक्ते यायला लागले.

विचार साधा होता. "आम्ही भेदभाव करत नाही" असं प्रत्येक मालक म्हणणार. मग खरं-खोटं बघायचं कसं? मोजून. एखाद्या शहरात कृष्णवर्णीय कामगार भरपूर आहेत, पण एका कारखान्यात ते फक्त झाडलोट करतात आणि ऑफिसात एकही नाही, हे आकड्यांतून लगेच दिसतं. फक्त आकड्यांवरून भेदभाव सिद्ध होत नाही, पण चौकशी कुठे करायची ते कळतं.

तक्त्यात असतं काय?

एक मोठी एक्सेल शीट डोळ्यांसमोर आणा. आडव्या ओळी १०, म्हणजे कामाचे १० प्रकार: सर्वात वरचे अधिकारी, मधले आणि पहिल्या पातळीचे मॅनेजर, व्यावसायिक (आपले सॉफ्टवेअर इंजिनिअर, अकाउंटंट यांत येतात), तंत्रज्ञ, विक्री, ऑफिसचं काम, कुशल कारागीर, मशिन चालवणारे, मजूर-मदतनीस आणि सेवा देणारे.

उभे गट ७: हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन-अमेरिकन, हवाई व पॅसिफिक बेटांवरचे मूळ रहिवासी, आशियाई, अमेरिकेचे मूळ रहिवासी, आणि दोन किंवा अधिक वंशांचे. प्रत्येक गटात पुरुष आणि स्त्री असे दोन रकाने. म्हणजे १४ रकाने, १० ओळी, एकूण १४० चौकटी. प्रत्येक चौकटीत फक्त एक संख्या.

मग आपण कुठे? भारतीय उपखंडातून आलेले लोक 'आशियाई' गटात मोजतात. म्हणजे नाशिकची मी, टोकियोचा इंजिनिअर आणि मनिलाची नर्स, तिघंही एकाच गटात. 'अमेरिकन इंडियन' वाचून काही जण तिथे टिक करतात. कृपा करून करू नका! ते अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी आहे.

आणखी एक गंमत. हिस्पॅनिकचा प्रश्न वेगळा आणि आधी विचारतात, कारण हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषा-संस्कृतीशी नातं असलेले लोक, मग त्यांचा वंश कुठलाही असो. तिथे 'हो' म्हटलं की माणूस त्याच गटात मोजला जातो, वंशाच्या गटात पुन्हा येत नाही. म्हणून भावाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही रे बाबा, तू हिस्पॅनिक नाहीस.

कंपनी हे भरते कशी?

आमच्याकडे काम असं चालायचं:

१. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतला कुठलाही एक पगाराचा कालावधी निवडायचा. त्या काळात पगारपत्रकावर असलेला प्रत्येक जण मोजायचा, फुल-टाइम आणि पार्ट-टाइम दोन्ही.

२. मोजायचं फक्त अमेरिकेत काम करणाऱ्यांना. आमची पुण्यातली टीम चाळीस जणांची होती, पण ती या तक्त्यात नव्हती. याउलट व्हिसावर अमेरिकेत आलेला माणूस त्यात येतो. नागरिक आहे की नाही, हे इथे विचारात घेत नाहीत.

३. प्रत्येकाचं काम त्या १० प्रकारांपैकी एकात बसवायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. 'हॅपिनेस लीड' नावाचं पद कुठे टाकायचं, यावर आमच्याकडे अर्धा तास मीटिंग झाली होती.

४. एकाहून जास्त ऑफिसं असतील तर सगळ्यांचा मिळून एक तक्ता, मुख्य ऑफिसचा वेगळा आणि बाकीच्या ठिकाणांचे वेगळे. घरून काम करणारा ज्या ऑफिसला रिपोर्ट करतो, तिथे मोजायचा.

५. फाइल आयोगाच्या ऑनलाइन सिस्टिमवर चढवायची. बेरजा जुळल्या नाहीत तर ती एरर दाखवते. सगळं जुळलं की कंपनीचा जबाबदार अधिकारी "ही माहिती खरी आहे" असं प्रमाणित करतो.

लक्षात घ्या, यात कुणाचं नाव जात नाही, पगार जात नाही. जातात त्या फक्त संख्या.

आणि इथे मी चुकले

आमच्या कंपनीत साधारण साडेतीनशे लोक होते. मी सिस्टिममधून यादी काढली, तर ११ जणांचा वंशाचा रकाना रिकामा. त्यांनी सगळ्यांनी तोच शेवटचा पर्याय दाबला होता.

मी मॅनेजरला विचारलं, "हे ११ सोडून देऊ?" ती म्हणाली, "सोडता येत नाहीत. एकूण कर्मचारी आणि तक्त्याची बेरीज जुळली पाहिजे."

नियम असा आहे: कर्मचाऱ्याने स्वतः सांगावं हे सगळ्यात चांगलं आणि आधी त्याला ती संधी द्यायचीच. पण त्याने नकार दिला, तर कंपनी आपल्याकडच्या नोंदी पाहून किंवा चक्क माणसाकडे बघून अंदाजाने नोंद करू शकते. हो, बरोबर वाचलंत. तुम्ही उत्तर दिलं नाही, तर दुसरं कुणीतरी तुमच्याकडे बघून देतं.

तर मी बसले अंदाज बांधत. बहुतेकांना मी कधी भेटलेलेही नव्हते. समोर काय? चॅटमधला अंगठ्याच्या नखाएवढा फोटो आणि आडनाव. एक जण टेक्सासच्या ऑफिसातला. सावळा रंग, काळे कुरळे केस, आडनाव पोर्तुगीज वळणाचं. मी फार विचार न करता 'हिस्पॅनिक, पुरुष' असं टाकलं आणि पुढे गेले. दहा सेकंदही लागले नसतील.

दोन दिवसांनी एका व्हिडिओ कॉलवर मी स्क्रीन शेअर करत होते. फाइल सापडेना. माईक चालू आहे हे विसरून मी पुटपुटले, "आता हे कुठं गेलं बाई!"

पलीकडून स्वच्छ मराठीत आवाज आला, "खाली स्क्रोल करा, तिथंच आहे."

तो तोच होता. म्हापशाचा. घरी कोकणी, शाळेत मराठी, आणि आडनाव गोव्यातल्या कितीतरी कुटुंबांसारखं चारशे-साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीतून आलेलं. मी नाशिकची मुलगी, लहानपणापासून गोव्याला गेलेली, आणि मलाच हे सुचलं नव्हतं!

कॉल संपल्यावर मी त्याला फोन केला आणि काय केलं ते सांगून टाकलं. तो हसला, पण फार नाही. म्हणाला, "इथे आल्यापासून हेच चाललंय. लोक माझ्याशी स्पॅनिशमध्ये बोलायला लागतात. मी काय आहे ते लोक माझं नाव वाचूनच ठरवतात, म्हणून तर मी तो प्रश्न सोडला होता. म्हटलं, निदान कागदावर तरी कुणी ठरवू नये."

आणि मी नेमकं तेच केलं होतं.

नशिबाने रिपोर्ट अजून प्रमाणित व्हायचा होता. त्याने स्वतः सिस्टिममध्ये जाऊन 'आशियाई' निवडलं आणि मी फाइल पुन्हा काढली. मग मी उरलेल्या १० जणांना एकेक मेल लिहिला: हा डेटा कुठे जातो, नाव जात नाही, उत्तर देणं ऐच्छिक आहे, पण उत्तर नसेल तर आम्हाला अंदाज करावा लागतो. शेवटचं वाक्य आधीच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हतं. १० पैकी ७ जणांनी दोन दिवसांत स्वतः भरून दिलं. राहिलेल्या तिघांचं आम्ही नोंदी पाहून भरलं, आणि ते करताना मला पहिल्यासारखं निवांत वाटलं नाही.

हा डेटा कोण बघतं?

अर्जातली उत्तरं आणि नोकरी लागल्यावरची उत्तरं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईईओ-१ मध्ये फक्त कर्मचारी मोजतात, अर्जदार नाही. अर्जातली उत्तरं कंपन्या मुख्यतः आपल्या भरतीचा हिशोब ठेवायला घेतात, आणि निवड करणाऱ्या माणसासमोर ती जाऊ नयेत म्हणून वेगळी ठेवायची असतात. तिथे नोकरी लागल्यावर तुम्हाला तेच प्रश्न पुन्हा दिसतील ते यामुळेच.

आयोगाकडे गेलेला एखाद्या कंपनीचा तक्ता आयोगाचे लोक असाच जाहीर करू शकत नाहीत. कायद्यात त्यासाठी १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे. आयोग जाहीर करतो ती सगळ्यांची मिळून एकत्रित आकडेवारी.

पण एक खाच आहे. छोट्या ऑफिसात एखाद्या चौकटीत '१' असला, तर नाव नसूनही तो माणूस कोण हे ऑफिसातल्या कुणालाही कळतं. म्हणून ही फाइल किती जणांना उघडता येते, हे कंपनीने बघायला हवं.

कंपनीने भरलंच नाही तर?

आयोग आधी आठवण करतो, मग कोर्टात जाऊन "भरा" असा आदेश मिळवू शकतो. हे फक्त कागदावर नाही. मे २०२४ मध्ये आयोगाने २०२१ आणि २०२२ चे रिपोर्ट न भरल्याबद्दल १० राज्यांतल्या १५ कंपन्यांवर दावे ठोकले. मुद्दाम खोटी माहिती देणं हा तर वेगळा फौजदारी गुन्हा आहे.

कॅलिफोर्नियाने पुढचं पाऊल टाकलंय. तिथे १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना २०२१ पासून वंश आणि लिंगानुसार पगाराचीही माहिती राज्य सरकारला द्यावी लागते. नाही दिली तर पहिल्या वेळी दर कर्मचाऱ्यामागे १०० डॉलरपर्यंत आणि पुढच्या वेळी २०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्र सरकारनेही २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांची पगाराची माहिती कोर्टाच्या आदेशानंतर गोळा केली होती, पण पुढे ते बंद केलं.

एवढं करून फायदा काय?

तुमच्या फोनमधल्या अ‍ॅप्सचंच उदाहरण घ्या. २०१३ मध्ये पिंटरेस्टमधली इंजिनिअर ट्रेसी चाऊ हिने जाहीरपणे विचारलं की टेक कंपन्यांत स्त्री इंजिनिअर किती, याचे आकडे कुठे आहेत? मे २०१४ मध्ये गूगलने आपले आकडे स्वतःहून प्रसिद्ध केले: स्त्रिया ३० टक्के, आणि अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांत कृष्णवर्णीय २ टक्के. त्यानंतर इतर मोठ्या कंपन्यांनाही आकडे दाखवावे लागले. 'आम्ही सगळ्यांना समान वागवतो' या वाक्यापुढे पहिल्यांदा एक संख्या आली.

आपल्या लोकांचाही यात मुद्दा आहे. 'असेंड' या संस्थेने २०१५ मध्ये गूगल, इंटेल, एचपी, लिंक्डइन आणि याहू यांच्या ईईओ-१ च्या आकड्यांचा अभ्यास केला. व्यावसायिकांमध्ये आशियाई सुमारे २७ टक्के, मॅनेजरमध्ये १९ टक्के आणि सर्वात वरच्या अधिकाऱ्यांत १४ टक्के. सत्य नडेला आणि सुंदर पिचाई यांचे फोटो बघून 'आता आपलंच राज्य' असं वाटतं, पण या ओळी वेगळं सांगतात. कामाचे १० प्रकार वेगळे मोजले, म्हणूनच हे दिसलं.

जे मोजत नाहीत ते मात्र दिसत नाही. 'आशियाई' या एका डब्यात जपानी, फिलिपिनो आणि मराठी सगळे एकत्र. जातीचा तर रकानाच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, पण अशी तक्रार आली तर या १४० चौकटींतून काहीही समजणार नाही.

२०२५ मध्ये काय बदललं?

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सरकारी कंत्राटदारांबद्दलचा १९६५ चा जुना आदेश रद्द केला. २०२४ सालच्या माहितीसाठी आयोगाने २० मे ते २४ जून २०२५ एवढीच मुदत दिली, आणि लिंगाच्या रकान्यात स्त्री व पुरुष हे दोनच पर्याय ठेवले. म्हणजे रिपोर्ट तोच, पण सरकार बदललं की त्याची चौकट बदलते. कुणाला काय म्हणून मोजायचं, हा शेवटी राजकीय निर्णय असतो.

आपल्याकडेही एक वेगळ्या प्रकारची नोंद सुरू झालीय. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा अहवाल सक्तीचा केला. त्यात स्त्री-पुरुष कर्मचारी आणि दिव्यांग कर्मचारी किती, हे असतं. आणि तो सगळ्यांना खुला असतो. ज्या कंपनीत मुलाखतीला जाताय, तिचा अहवाल फोनवर उघडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

मग तुम्ही काय करायचं?

• असे प्रश्न आले तर घाबरू नका. उत्तर देणं ऐच्छिक असतं. नकार दिला म्हणून अर्ज बाद करायचा नसतो.

• उत्तर द्यायचं असेल तर खरं द्या. 'फायदा होईल' म्हणून भलताच गट निवडू नका.

• नोकरी लागल्यावर एचआरच्या अ‍ॅपमध्ये स्वतःच्या प्रोफाइलमध्ये जाऊन तुमची नोंद काय आहे ते तपासा. चुकीची असेल तर बदलून घ्या.

• या भागात बँकेचा नंबर, ओटीपी, पासपोर्टचा फोटो लागत नाही. कुणी मागितला तर तो फॉर्म खोटा समजा आणि बंद करा.

भावाला मी हे सगळं व्हॉइस नोटमध्ये सांगितलं. सात मिनिटांची झाली. त्याचं उत्तर आलं, "मग मी काय निवडू ते सांग ना."

मी म्हटलं, ते तूच ठरव. तो हक्क तुझा आहे, तेवढा मात्र दुसऱ्या कुणावर सोडू नकोस. मी एकदा एका माणसाचं उत्तर त्याच्या आडनावावरून दिलंय, आणि ते चुकलं होतं.

थोड्या वेळाने त्याचा दुसरा स्क्रीनशॉट आला. 'आशियाई'समोर टिक होती.